हिवतापाच्या जंतूचे पहिले दर्शन : आल्फाँस लाव्हराँ

हिवतापाचे नाव निघताच डासांचा छडा लावणारे सर रोनाल्ड रॉस आपणांस आठवतात. परंतु रॉस यांच्या १८९७ मधील शोधापूर्वी सतरा वर्षे ज्यांनी या रोगाचा जंतू प्रथम पाहिला, त्या आल्फाँस लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरांचे चरित्र फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचा जन्म १८ जून १८४५ रोजी पॅरिस येथे झाला. वडील लष्करात डॉक्टर होते. मुलानेही तोच मार्ग धरला. १८७८ मध्ये त्यांची रवानगी अल्जेरियात झाली. तेथील रुग्णालयांत तापाने फणफणलेले सैनिक नित्य दाखल होत. दलदलीतील दूषित हवेने हा ताप येतो, ही जुनी समजूत होती. तर दलदलीच्या मातीत सापडलेला एक दंडाकृती जंतू त्याचे मूळ आहे, असे काही नामवंत शास्त्रज्ञ सांगत. लाव्हराँ यांनी मात्र हवा व माती सोडून रुग्णाचे रक्तच तपासावयास घेतले.

६ नोव्हेंबर १८८० रोजी कॉन्स्टंटाइन शहरी एका सैनिकाच्या ताज्या रक्ताचा थेंब पाहत असता, एका गोल कणाच्या कडेस बारीक तंतू चाबकाप्रमाणे वळवळताना त्यांना दिसले. हा जंतू सजीव होता! विद्वानांनी शंका घेतल्या. पण ते डगमगले नाहीत. १८८२ मध्ये रोमला जाऊन तेथील रुग्णांच्या रक्तातही त्यांनी तोच जंतू शोधून काढला.

ते तंतू म्हणजे जंतूच्या नर बीजपेशी होत, हे पुढे उमगले. मनुष्याच्या उबदार रक्तात त्या बाहेर पडत नाहीत. डासाच्या पोटात गेल्यावर उष्णता उतरते, तेथील एका विशिष्ट द्रव्याचा स्पर्श होतो आणि जंतूच्या पेशीत कॅल्शियमचे प्रमाण एकाएकी वाढते. हाच जणू जागे होण्याचा इशारा! मग दहा-पंधरा मिनिटांत आठ नर बीजपेशी बाहेर पडतात. काचेवर निवालेल्या थेंबात लाव्हराँ यांना हाच चमत्कार दिसला होता. त्यामागील कॅल्शियमचे कार्य उलगडावयास मात्र शतकाहून अधिक काळ लागला.

लष्करात संशोधनास वाव मिळेना, तेव्हा १८९६ मध्ये ती नोकरी सोडून ते पाश्चर संस्थेत दाखल झाले. १९०७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी त्याच संस्थेत उष्ण प्रदेशांतील रोगांच्या प्रयोगशाळेसाठी दिली. १८ मे १९२२ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रांनो, जे दिसले त्याचा संपूर्ण अर्थ लाव्हराँ यांनाही त्या वेळी कळला नव्हता. तरीही आपल्या डोळ्यांवरील विश्वास त्यांनी ढळू दिला नाही, आणि म्हणूनच पुढच्यांना वाट सापडली.