गोळेश्वरचा पैलवान

मुलांनो, खेळाच्या तासाला संघ कसे पाडतात ते तुम्ही रोज पाहता. दोन कप्तान पुढे उभे राहतात आणि एकेकाचे नाव घेतात. बास्केटबॉल असेल, तर सर्वांत उंच मुलाला आधी बोलावतात. कबड्डी असेल, तर अंगाने भरलेला मुलगा आधी जातो. शेवटी दोघेतिघे उरतात. ते ठेंगणे असतात, हडकुळे असतात. त्यांना खेळता येते की नाही, हे कोणी विचारतही नाही. तुमच्यापैकी काही जण त्या शेवटच्या दोघातिघांत उभे राहिले असतील. मी तर नेहमीच असे.

असाच एक मुलगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात नवीन आला होता. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धा जवळ आल्या होत्या. कुस्तीसाठी नाव द्यायला तो क्रीडाशिक्षकांकडे गेला. शिक्षकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. उंची जेमतेम साडेपाच फूट, अंग बारीक. हा काय कुस्ती खेळणार, असे त्यांना वाटले. त्यांनी त्याचे नाव लिहून घ्यायला नकार दिला.

त्या मुलाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. पुढे याच मुलाने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. आज आपण त्यांची गोष्ट वाचणार आहोत.

सातारा जिल्ह्यात कराड नावाचे गाव आहे. तेथे कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात. आपल्या घनसावंगी तालुक्यातून गोदावरी वाहते, तशी त्या भागातून कृष्णा वाहते. कराडजवळच गोळेश्वर हे लहानसे खेडे आहे. तेथे 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान होते. घरात सकाळ उजाडायची ती जोर-बैठकांनी. खाशाबा चालायला लागले आणि वडिलांच्या मागे मागे आखाड्यात गेले, असे म्हटले तरी चालेल. आठ वर्षांचे असताना त्यांनी त्या भागातल्या एका नावाजलेल्या पैलवानाला दोन मिनिटांत पाडले. गावकऱ्यांना हे नवल वाटले, वडिलांना वाटले नसावे.

येथे थोडे थांबून मराठीतला एक गमतीचा शब्द पाहू. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पैलवान जेथे कसरत करतात ती जागा. तेव्हा एखाद्या मराठी मुलाने मी तालमीत जातो असे सांगितले, तर तो शाळेत जातो असे समजू नका. उस्तादचा मराठीत वस्ताद झाला आणि पहलवानचा पैलवान झाला. कुश्तीची कुस्ती झाली. कसरत आणि खुराक हे शब्द तर जसेच्या तसे राहिले. आखाड्याच्या दारात उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा एकमेकींना ओळखतात.

खाशाबांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. 1942 साली छोडो भारत आंदोलन सुरू झाले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. सातारा जिल्ह्यात ही चळवळ फार जोरात होती. भूमिगत क्रांतिकारकांना आसरा देणे, त्यांचे कागद इकडून तिकडे पोहोचवणे ही कामे खाशाबांनी केली. पकडले गेले असते तर तुरुंग ठरलेला होता. 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला. आता ऑलिंपिकमध्ये आपला तिरंगा वर चढला पाहिजे, असा निश्चय त्यांनी त्या दिवशी केला.

खेड्यातल्या एका मुलाने असा निश्चय करणे सोपे होते. पण ऑलिंपिकचा रस्ता कोठून जातो, हे त्याला कोण सांगणार? तो रस्ता कोल्हापुरातून गेला.

कोल्हापूर ही कुस्तीची पेठ. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे खासबाग मैदान बांधले. हजारो लोक चारही बाजूंनी बसून मधली कुस्ती पाहू शकतात, असे ते मैदान आहे. याच शाहू महाराजांनी गरीब मुलांच्या शिक्षणासाठी निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे काढली. 1906 साली मुस्लिम मुलांसाठीही त्यांनी बोर्डिंग सुरू केले. अशा गावात गल्लोगल्ली तालमी होत्या. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून ती मऊ करत. त्या मातीत पैलवान पहाटे घाम गाळत. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी खाशाबांना कुस्तीचे डावपेच शिकवले.

आणि अशा गावातल्या कॉलेजात खाशाबांचे नाव कुस्तीच्या यादीत घ्यायला नकार मिळाला!

शिक्षकांचे तरी काय चुकले, असे तुम्ही म्हणाल. पैलवान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रुंद छाती आणि जाड मान येते. पण कुस्तीत वजनाचे गट असतात, आणि बळाइतकीच चपळाई लागते. खाशाबांचे पाय अतिशय चपळ होते. ढाक या डावात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. प्रतिस्पर्ध्याचे डोके आणि मान कवेत घ्यायची आणि क्षणात त्याला जमिनीवर आणायचे, असा तो डाव आहे. हे सगळे अंगावर पाहून कसे कळणार? त्यासाठी एक कुस्ती लावूनच पाहावी लागते.

नकार ऐकून खाशाबा गप्प बसले नाहीत. भांडलेही नाहीत. ते सरळ प्राचार्यांकडे गेले आणि आपल्याला एक संधी द्यावी अशी विनंती केली. नव्या विद्यार्थ्याने प्राचार्यांच्या खोलीत जायचे, हे त्या काळी केवढे धाडस होते, ते तुम्हीच मनात आणून पाहा. प्राचार्यांनी परवानगी दिली. स्पर्धा सुरू झाली. खाशाबा एकामागून एक कुस्त्या जिंकत गेले. समोर येणारे बहुतेक जण त्यांच्यापेक्षा धिप्पाड होते. त्या दिवसापासून कॉलेजात त्यांना कोणी हडकुळा म्हटले नाही.

1948 साली लंडनला ऑलिंपिक भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला आणि खाशाबा लंडनला गेले. त्या वेळी आपले घनसावंगी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मराठवाडा भारतात सामील व्हायला अजून एक-दोन महिने अवकाश होता. लंडनला खाशाबांपुढे वेगळीच अडचण आली. ते आयुष्यभर मातीत खेळले होते. तेथे कुस्ती गादीवर होती. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपली. जोपर्यंत कोणी चीत होत नाही, तोपर्यंत ती चालू राही. गादीवर मात्र वेळ ठरलेली आणि प्रत्येक पकडीचे गुण मोजलेले. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना हे नियम समजावले. त्यांच्या पायांची चपळाई या प्रशिक्षकाने लगेच ओळखली. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे ते हरले. फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. ज्याने गादीवर जवळजवळ पाऊलच ठेवले नव्हते, त्याला ही कामगिरी थोडी नव्हती. पण सहाव्या क्रमांकाला झेंडा वर चढत नाही.

पुढची चार वर्षे त्यांनी कष्टात काढली. आता ते वरच्या वजनगटात, म्हणजे 57 किलोच्या बँटमवेटमध्ये खेळू लागले. 1952 चे ऑलिंपिक फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरी होणार होते. पण मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना अगदी थोड्या गुणांनी मागे ठेवण्यात आले. हा अन्याय आहे, असे खाशाबांचे म्हणणे होते. पुन्हा एकदा त्यांना दार ठोठवावे लागले. या वेळी त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी त्यांना निवड चाचणीत उतरण्याची संधी दिली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले आणि संघात जागा मिळवली.

जागा मिळाली, पण पैसे कोठे होते? त्या काळी खेळाडूला आपल्या खर्चाची सोय बरीचशी आपणच करावी लागे. गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. दुकानदारांनी मदत केली. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवले आणि 7,000 रुपये उभे केले. मुलांनो, गहाण हा शब्द नीट समजून घ्या. कर्ज फिटले नाही तर घर जाते. खाशाबा जिंकतील याची कोणी हमी दिली नव्हती. कुस्तीत हारजीत अर्ध्या मिनिटात होते. हे सर्व माहीत असून त्या शिक्षकाने घराची कागदपत्रे काढून दिली. मी स्वतः शिक्षक आहे. आपल्याला हे जमले असते का, असे मी स्वतःला विचारले आहे. उत्तर येथे लिहीत नाही.

हेलसिंकीत पहिल्या कुस्त्या चांगल्या झाल्या. कॅनडाचा मल्ल हरला, मेक्सिकोचा हरला, जर्मनीचाही हरला. शेवटी या गटात तिघे उरले: जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद ममेदबेकोव्ह आणि गोळेश्वरचे खाशाबा. इशीबरोबरची कुस्ती लांबली आणि खाशाबा दमून हरले. त्यानंतर लगेच त्यांना ममेदबेकोव्हशी लढण्यास सांगण्यात आले, अशी हकिकत आहे. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो नियम दाखवून हरकत घ्यायला त्या क्षणी भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. थकलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, ममेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. ती तारीख होती 23 जुलै 1952. विजेत्यांबरोबर भारताचा तिरंगा वर चढला.

कोल्हापूरचेच केशव मानगावे त्याच ऑलिंपिकमध्ये दुसऱ्या वजनगटात चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले. आज त्यांचे नाव फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून येथे सांगितले.

खाशाबा परत आले, तेव्हा कराडच्या स्टेशनावर माणूस मावेना. शंभरावर बैलगाड्या सजवून लोक आले होते. ढोल, लेझीम, फटाके यांचा एकच गजर झाला. स्टेशनापासून गावापर्यंत एरवी पाव तासाचा रस्ता. मिरवणुकीला सात तास लागले. जो तो आपल्या खाशाबाला जवळून पाहायला धडपडत होता.

मिरवणूक संपली, पण खाशाबांच्या डोक्यावरचे कर्ज संपले नव्हते. ते कोल्हापूरला गेले आणि कुस्त्यांच्या फडात उतरले. मिळालेल्या पैशांतून त्यांनी प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. माझ्या मते पदकाच्या खालोखाल त्यांची हीच मोठी कुस्ती होय.

1955 साली ते पोलीस खात्यात सबइन्स्पेक्टर झाले. पुढच्या ऑलिंपिकची तयारी चालली होती, पण गुडघ्याला दुखापत झाली आणि तो बेत राहिला. पोलिसांच्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, तरुणांना कुस्ती शिकवली. बढतीसाठी मात्र त्यांना बावीस वर्षे वाट पाहावी लागली. सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. 1982 साली दिल्लीला आशियाई खेळ झाले, तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले.

सरकारी मानसन्मान उशिरा आले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार, हे दोन्ही त्यांना मरणोत्तर देण्यात आले. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले होते.

खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला 1996 साल उजाडले. त्या वर्षी लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक जिंकले. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली होती. महाराष्ट्राला त्याहून जास्त वाट पाहावी लागली. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. तोही कोल्हापूर जिल्ह्यातलाच, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडी या खेड्यातला. तो जिंकला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याच्या छायाचित्राजवळ एक जुने छायाचित्र छापले. बहात्तर वर्षांपूर्वीचा तो बारीक अंगाचा तरुण पाहून अनेक मुलांनी घरात विचारले असेल, हे कोण?