विद्येसाठी परदेशी

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव घेताच भारतीय संविधानाचे शिल्पकार म्हणून त्यांची थोर प्रतिमा डोळ्यांसमोर उभी राहते. त्यांच्या कार्यामागे अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहास या विषयांचा गाढ व्यासंग होता. त्यातील फार मोठा भाग त्यांनी परदेशात केला. बुद्धी आणि चिकाटी त्यांच्यापाशी होती. द्रव्य मात्र नव्हते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१२ साली ते बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत वडिलांचे निधन झाले.

त्याच वर्षी बडोदा संस्थानाने त्यांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. मुदत तीन वर्षांची होती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, अशी अट होती. जून १९१३ मध्ये करारावर सही करून भीमराव जुलैत न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास त्यांनी केला. प्राध्यापक सेलिग्मन आणि जॉन ड्युई यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. मुदत थोडी आणि विषय अफाट, म्हणून ते दिवसाचे कित्येक तास ग्रंथालयात घालवीत. खर्चात काटकसर करून ते जुनी पुस्तके विकत घेत. १९१५ साली ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या उगमाविषयी एक निबंध वाचला. ज्या व्यवस्थेचे चटके त्यांनी बालपणापासून सोसले होते, तिची कारणे ते आता शास्त्राच्या आधारे शोधू लागले होते.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा अभ्यास सुरू झाला; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना संशोधन अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. ज्या जहाजाने त्यांनी आपले सामान व ग्रंथ पाठविले होते, ते समुद्रात बुडविले गेले.

कराराप्रमाणे भीमराव बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. एवढ्या मोठ्या विद्वानाला त्या नगरीत राहण्यास घर मिळाले नाही. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर दुरूनच कागद टाकीत. एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी आसरा घेतला होता. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दहा वर्षांची सेवा अल्पावधीतच संपली. राजाने विद्येसाठी धन दिले, पण समाजाने त्या विद्येला थारा दिला नाही.

तरीही भीमरावांनी अपूर्ण संशोधनाचा ध्यास सोडला नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगारातून त्यांनी पैसे साठविले. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनीही साहाय्य केले. इकडे मुंबईत पत्नी रमाबाई अत्यंत हलाखीत संसार सांभाळीत होत्या. त्यांचा त्याग या शिक्षणाचा मोठा आधार होता.

१९२० साली भीमराव पुन्हा लंडनला गेले. अपुऱ्या अन्नावर राहून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन करीत. १९२१ साली त्यांना एम. एस्‌सी. पदवी मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी सुधारण्यासाठी परत केला, तोपर्यंत जवळचे पैसे संपत आले होते. भारतात परतून त्यांनी तो पुन्हा लिहून पाठविला आणि १९२३ साली डी. एस्‌सी. ही पदवी मिळविली. १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी सयाजीरावांना कृतज्ञतेने अर्पण केला. १९२७ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. दिली. तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीने सुरू झालेले संशोधन अशा रीतीने चौदा वर्षांनी पूर्णत्वास गेले.

या ज्ञानाचा लाभ देशाला झाला. भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या शाही आयोगापुढे त्यांनी १९२५ साली आपली मते मांडली. पुढे १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाल्यावर, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना उच्च व परदेशी शिक्षणासाठी शासनाने द्रव्य द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. जे साहाय्य त्यांना एका उदार राजाच्या कृपेने मिळाले, ते इतरांना हक्काने मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

१९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी देऊन गौरविले. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वेळेवर मिळालेले साहाय्य आणि त्याला मिळालेली अथक परिश्रमांची जोड यांतून केवढे कार्य उभे राहू शकते, हे त्यांच्या विद्यार्थिजीवनावरून कळते.