नुसतं ऐकायची बाकं नकोत! बाबासाहेबांच्या गुरूंनी काढलेली शाळा कशी होती?

एक प्राध्यापक शाळेसाठी बाकं घ्यायला दुकानोदुकानी फिरत होते. मनासारखं बाक काही मिळेना. शेवटी एका दुकानदारानेच अडचण नेमकी ओळखली. यांना मुलांना काम करता येईल अशी बाकं हवी होती आणि बाजारातली सगळी बाकं नुसतं ऐकत बसण्यासाठी बनवलेली होती.

हे प्राध्यापक म्हणजे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई.

व्हरमाँट राज्यातल्या एका किराणा दुकानदाराच्या घरी 20 ऑक्टोबर 1859 ला त्यांचा जन्म झाला. काही काळ शाळेत शिकवल्यावर 1884 मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. 1894 मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले आणि जानेवारी 1896 मध्ये 16 मुलं आणि 2 शिक्षकांसह त्यांनी प्राथमिक शाळा सुरू केली. तीच पुढे 'लॅबोरेटरी स्कूल' म्हणून गाजली.

मुलं तिथे काय करायची?

स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम. एकदा मुलांचा एक गट कापसाच्या बोंडातली सरकी हाताने काढत बसला. अर्ध्या तासात एक औंस, म्हणजे साधारण 28 ग्रॅमही रुई निघाली नाही. पूर्वीचे लोक सुती सोडून लोकरीचे कपडे का घालायचे, हे मुलांना तिथेच कळलं. कुणी पाठ करून घ्यावं लागलं नाही.

ड्युईंना मुलांना सुतार किंवा विणकर बनवायचं नव्हतं. अडचण ओळखायची, उपाय सुचवायचा, करून बघायचा, चुकलं तर बदलायचा, ही सवय त्यांना लावायची होती. आज आपण चिकित्सक विचार आणि उद्यमशीलता अशी दोन वेगळी नावं घेतो. ड्युईंच्या शाळेत ती एकच गोष्ट होती.

मग शाळा का सुटली?

त्यांच्या पत्नी ॲलिस तिथे मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या पदावरून विद्यापीठाशी वाद झाला आणि 1904 मध्ये दोघांनीही शिकागो सोडलं. ड्युई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथेच 1913 मध्ये भीमराव आंबेडकर शिकायला आले. ड्युईंचं ऋण बाबासाहेबांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं.

1 जून 1952 ला, वयाच्या 92व्या वर्षी ड्युई गेले. चारच दिवसांनी, 5 जूनला, कोलंबियाने बाबासाहेबांना मानद पदवी दिली.

शिकागोतली ती शाळा आजही सुरू आहे. तुमच्या मुलांच्या वर्गातली बाकं कशासाठी आहेत, ऐकण्यासाठी की काम करण्यासाठी?