सलीम अली आणि निजामाच्या राज्यातले पक्षी

सुगरणीचा खोपा म्हटला की मराठी माणसाला बहिणाबाई आठवतात. त्यांच्या कवितेतली सुगरण आपल्या पिल्लासाठी घर बांधते. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. मादीचे त्या घरात नेमके काय काम असते, हे अलिबागजवळच्या किहीम गावी 1930 च्या पावसाळ्यात एका बेकार माणसाने तासन् तास लपून बसून पाहिले. तो माणूस म्हणजे डॉ. सलीम अली. पक्ष्यांचा अभ्यासक म्हणून त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. आपल्या हैदराबादशी त्यांचा काय संबंध आला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून हा लेख.

सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथे मिलार्डसाहेबांनी त्याला भुसा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, ही गोष्ट अनेकांनी वाचली असेल. शिक्षणात मात्र त्यांचे मन रमले नाही. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात गेले. परत आल्यावर दावर कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकले. मी स्वतः कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे हे वाचून मला जरा जास्तच आनंद झाला. पुढे ब्रह्मदेशातला धंदा बुडाला, पण पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्यात ही जमाखर्चाची शिस्त कामी आली असणार, असे मला वाटते.

1926 साली त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये महिना 350 रुपयांची नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्याकडे शिकायला गेले. 1930 मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच रद्द झाली होती. पदवी नाही, त्यामुळे दुसरी सरकारी नोकरी मिळेना. पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमच्या घरी राहायला गेले आणि समोर सुगरणींची वसाहत दिसली.

त्यांनी जे पाहिले ते असे. नर गवताची पाती विणून खोपा अर्धा करतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीला पसंत पडला की ती ताबा घेते आणि त्यानंतरच नर खाली लोंबणारी नळी पुरी करतो. मादी अंडी घालते तोवर हे महाशय शेजारी दुसरा खोपा विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी! पिल्लांचे बहुतेक सारे तिच्यावरच. 1931 साली हा निबंध सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि जाणकारांत त्यांचे नाव झाले. नाव झाले तरी नोकरी मिळाली नाही.

तेव्हा त्यांनी एक धाडसी प्रस्ताव मांडला. देशात कितीतरी संस्थानांत कोणते पक्षी आहेत, ते कुठे आणि कधी वीण करतात, याची पद्धतशीर नोंदच नव्हती. संस्थानाने प्रवास, मुक्काम आणि मदतनिसांचा खर्च द्यावा, आपण पगार घेणार नाही, असे सलीम अलींनी सुचवले. निजाम सरकार तयार झाले आणि 1931-32 मध्ये हैदराबाद संस्थानची पक्षीपाहणी झाली. तेलंगणच नव्हे, आजचा मराठवाडाही त्या वेळी याच राज्यात होता.

काम कष्टाचे होते. रानातून फिरायचे, पक्षी मारायचा, त्याच दिवशी कातडे काढून त्याला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी हे लिहायचे. पोट उघडून वृषण किंवा अंडाशय किती वाढले आहे तेही पाहायचे, कारण घरटे सापडले नाही तरी वीण चालू आहे की नाही हे त्यावरून कळते. आज पक्षी मारण्याची ही पद्धत वाचताना मन कचरते. पण दुर्बिणीने पाहून दोन सारख्या दिसणाऱ्या जातींचा वाद मिटत नसे; हातात कातडे असले की मिटे. ती कातडी तपासून इंग्लंडमधल्या ह्यू व्हिसलर यांनी टिपणे लिहिली. 1933-34 मध्ये हा अहवाल क्रमशः प्रसिद्ध झाला.

या फिरस्तीत तेहमिना सोबत होत्या. इंग्लंडमध्ये शिकलेली ही बाई तंबूत राहिली, घरची बेताची मिळकत सांभाळली, नवऱ्याचे इंग्रजी लेखन सुधारले. पगार न घेणाऱ्या माणसाचे कौतुक सगळे करतात. ते कुणाच्या भरवशावर परवडले, हेही पाहायला हवे. 1939 मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. ते वांद्र्याला बहिणीकडे राहू लागले.

हैदराबादचा नमुना पुढे चालू राहिला. त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर, कच्छ, गुजरात. म्हणजे आपले नातेवाईक जिथे जिथे पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हे गृहस्थ वही घेऊन गेले होते. कच्छच्या मोठ्या रणात 1945 साली त्यांनी रोहित पक्ष्यांची लाखोंची वस्ती पाहिली. उथळ खाऱ्या पाण्यात चिखलाची घरटी, प्रत्येकाचा माथा वाटीसारखा खोलगट.

1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे सचित्र पुस्तक निघाले. अमेरिकन अभ्यासक डिलन रिप्ले यांच्याबरोबर लिहिलेला 10 खंडांचा ग्रंथ 1968 ते 1974 या काळात आला. पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभा, हे सगळे नंतरचे. 1976 साली मिळालेल्या गेटी पारितोषिकाचे 50,000 डॉलर त्यांनी सोसायटीच्या निसर्गरक्षणाच्या कामाला दिले. 1987 साली, नव्वदी ओलांडल्यावर ते गेले.

गोव्यात चोडण बेटावरच्या अभयारण्याला त्यांचे नाव आहे. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिल्ली दरवाज्याजवळच्या तलावालाही सलीम अली सरोवर म्हणतात. आपल्यापैकी अनेकांचे मराठवाड्यात येणेजाणे असते. हिवाळ्यात तिकडे गेलात, तर एखाद्या सकाळी नातवंडांना घेऊन तिथे जरूर जा.