ॲमहर्स्टच्या बागेतील एमिली

एमिली डिकिन्सन हे नाव आपल्या कानावर पडते ते इंग्रजीच्या तासाला. पांढरी वस्त्रे नेसणारी, घराबाहेर न पडणारी, थोडी विक्षिप्त अशी अमेरिकन कवयित्री, एवढीच तिची ओळख आपण वहीत उतरवून घेतो. तिच्या गावच्या लोकांना मात्र तिच्या कविता फारशा ठाऊकच नव्हत्या. त्यांना ठाऊक होती ती तिची बाग.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲमहर्स्ट या गावी १० डिसेंबर १८३० रोजी तिचा जन्म झाला. वडील वकील, गावातले वजनदार गृहस्थ. शाळेत असताना एमिलीला वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. रानावनात हिंडून तिने फुले व पाने गोळा केली, दाबून वाळवली आणि एका मोठ्या वहीत चिकटवली. या वहीची ६६ पाने आहेत व त्यांवर ४२४ नमुने आहेत. पुष्कळ नमुन्यांखाली तिच्या हातची लॅटिन नावे आहेत. पहिल्याच पानावर आपल्या जाईच्या कुळातले फूल आहे, हे वाचून मला फार बरे वाटले. माझ्या आजीलाही रानातली निम्मी झाडे नावानिशी ओळखता येत. पण तिला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे तिची वही कधी झालीच नाही. एमिलीची वही आज हार्वर्ड विद्यापीठात जपून ठेवलेली आहे.

१८४९ साली वडिलांनी तिला एक कुत्रा आणून दिला. न्यूफाउंडलंड जातीचा, चांगलाच थोराड. त्याचे नाव कार्लो. 'जेन आयर' कादंबरीत या नावाचा कुत्रा आहे, त्यावरून बहुधा हे नाव ठेवले असावे. आमच्याकडे कुत्रा म्हणजे राखणीचा. त्याला भाकरतुकडा मिळतो, नाव मिळेलच असे नाही. कार्लो मात्र एमिलीचा खरा सोबती होता. टेकड्यांवर, शेतांतून, ओळखीच्या घरी जाताना तो बरोबर असे. १८६२ साली हिगिन्सन या लेखकाने पत्रातून तिच्या सोबत्यांची चौकशी केली, तेव्हा तिने कोणा माणसाचे नाव दिले नाही. डोंगर, मावळता सूर्य आणि आपला कुत्रा, असे तिने कळवले.

जवळजवळ सोळा वर्षे सोबत करून जानेवारी १८६६ मध्ये कार्लो गेला. ही बातमी तिने हिगिन्सनला अगदी मोजक्या शब्दांत कळवली. पुन्हा दुसरा कुत्रा तिने पाळला नाही. १८६५ या एका वर्षात तिने दोनशेहून अधिक कविता लिहिल्या होत्या. त्यानंतर काही वर्षे लेखन एकदम ओसरले. पुढे पुढे ती घराच्या आवाराबाहेरही जाईनाशी झाली. याला एकटा कार्लोच कारण होता असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण तिच्या डोळ्यांचे दुखणेही त्याच सुमाराचे. पण जिच्याबरोबर फिरायला कोणी उरले नाही तिने फिरणे सोडले, यात मला तरी विक्षिप्त काही दिसत नाही. ओटा आणि परसू यांच्यामध्ये उभा जन्म काढणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना कोणी विक्षिप्त म्हणत नाही. त्यांच्या बाबतीत ती रीत ठरते.

शिवाय ती कोंडलेली नव्हतीच. १८५५ मध्ये हे कुटुंब आपल्या जुन्या घरी परत आले, तेव्हा वडिलांनी तिच्यासाठी घराला लागून एक छोटे काचघर बांधून दिले. बाहेर बर्फ पडलेले असताना आत नेचे आणि जाई वाढत. उन्हाळ्यात ती जमिनीवर लाल घोंगडी टाकून, त्यावर गुडघे टेकून वाफ्यात काम करी. कोणी आजारी पडले, कोणाकडे दुःख झाले, की तिच्याकडून फुलांचा गुच्छ जाई. सोबत दोन-चार ओळींची चिठ्ठी. गुच्छ सर्वांना कळे, चिठ्ठी प्रत्येकाला कळत असेलच असे नाही! ती पावही उत्तम भाजी. १८५६ च्या गावच्या जनावरांच्या प्रदर्शनात तिच्या पावाला दुसरे बक्षीस मिळाले. कवितेला हयातीत एकही मिळाले नाही.

आईच्या दीर्घ आजारात तिची बरीच वर्षे शुश्रूषेत गेली. १५ मे १८८६ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, एमिली वारली. तिची शवपेटी गावच्या रस्त्याने गेली नाही. तिच्याच इच्छेप्रमाणे, घरी राबलेल्या सहा आयरिश मजुरांनी ती उचलली आणि मागच्या दाराने, बागेतून, पिवळ्या फुलांनी भरलेल्या शेतातून स्मशानभूमीत नेली. बहीण लव्हिनिया हिने तिच्या हातात बागेतल्या आवडत्या सुगंधी फुलांचे तुरे ठेवले होते.

त्यानंतर लव्हिनियाला तिच्या खोलीत हाताने शिवलेल्या चाळीस वह्या आणि सुट्या कागदांचा ढीग सापडला. एकूण सुमारे १८०० कविता. हयातीत छापून आल्या होत्या जेमतेम दहा, त्याही नावाविना. पहिला संग्रह १८९० मध्ये निघाला. ते काचघर १९१६ साली पाडण्यात आले. त्याच्या जुन्या खिडक्या मात्र कोणीतरी जपून ठेवल्या होत्या. २०१७ मध्ये त्या पुन्हा बसवून काचघर त्याच जागी उभे करण्यात आले.