नावं ठेवण्याआधी लक्ष्मीबाईंना भेटा

आपल्या मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. बारशाला नाव ठेवतात ते एकदाच. नावं ठेवायला मात्र माणसं जन्मभर मोकळी असतात. तुमच्या वर्गातलंच बघा. कुणाला एटीकेटी लागली, कुणी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न ठरवलं, एखादी मुलगी अचानक कॉलेजला यायची बंद झाली, की संध्याकाळपर्यंत ग्रुपवर निकाल लागलेला असतो. साक्षीपुरावे नाहीत, समोरच्याचं म्हणणं ऐकलेलं नाही, पण शिक्षा ठरलेली.

अशा निकालांखाली जिची अर्धी जिंदगी गेली, त्या बाईची ही गोष्ट. या बाईने स्वतःही पुष्कळ निकाल दिले होते आणि नंतर एकेक करून ते मागे घेतले. तिचं नाव लक्ष्मीबाई टिळक. सिन्नरहून नाशिकला जाणाऱ्या एसटीत तुम्ही रोज बसत असाल, तर नाशिकच्या पलीकडे, गंगापूरच्या बाजूला गोदाकाठी जलालपूर नावाचं गाव आहे, हे ध्यानात ठेवा. १ जून १८६८ रोजी लक्ष्मीबाईंचा जन्म तिथे झाला. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. घरात सगळे मनू म्हणायचे.

सोवळ्याचं घर

या गोष्टीचं एक टोक तुमच्या सिन्नर तालुक्याच्या इतिहासाजवळून जातं. १८५७ च्या ऑक्टोबरमध्ये नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईक आणि त्यांच्या भिल्ल साथीदारांनी इंग्रजांशी लढत दिली. त्यात लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी मारला गेला. पुढे दोन वर्षं हा भाग धुमसत राहिला. नोव्हेंबर १८५९ मध्ये भागोजी पडले, तेही सिन्नर तालुक्यातच. त्याच १८५७ च्या डिसेंबरात त्र्यंबकेश्वरलाही उठाव झाला. त्यानंतरच्या धरपकडीत मनूच्या आईच्या वडिलांना, जोगळेकरांना, इंग्रजांनी फासावर चढवलं.

या फाशीचा धक्का सगळ्यात विचित्र रीतीने बसला तो त्यांच्या जावयाला, म्हणजे मनूच्या वडिलांना. नाना गोखल्यांनी सोवळं घेतलं आणि ते वेडाच्या टोकाला नेलं. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू त्यांना विटाळलेली वाटू लागली. धुणं, वाळवणं, पुन्हा धुणं, हाच घराचा दिनक्रम झाला आणि त्यात घरातल्या बायकांचे हाल झाले. बाहेरचं जग अपवित्र आहे, हा धडा मनूने अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी गिरवला.

आता गंमत बघा. लक्ष्मीबाईंनी म्हातारपणी आपल्या आठवणी लिहिल्या तेव्हा या वडिलांबद्दल काय लिहिलं? त्यांच्या विक्षिप्तपणाचे किस्से त्यांनी लपवले नाहीत. आईला झालेला त्रासही लपवला नाही. पण वाचणाऱ्याला नानांचा तिरस्कार वाटत नाही, कारण लक्ष्मीबाई सोवळ्याच्याही आधी फाशीची हकिगत सांगतात. हा माणूस असा का झाला, ते आधी कळतं. मग त्याचं वागणं दिसतं. नावं ठेवणारा नेमकी हीच पायरी गाळतो.

नवरा जिवंत, संसार मोडलेला

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचं लग्न झालं आणि ती लक्ष्मी टिळक झाली. नवरा नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. बुद्धीने तल्लख, कवी, संस्कृतचा जाणकार. स्वभावाने तापट, लहरी आणि घरात दाणा नसला तरी हातातले पैसे दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा. लहर आली की घर सोडून निघून जाणारा. शाळेत न गेलेल्या बायकोला अक्षरं शिकवणाराही तोच. जोडाक्षरांशी मात्र लक्ष्मीबाईंचं कायम भांडण राहिलं.

१८९३ च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात टिळकांची एका युरोपियन माणसाशी गाठ पडली. त्याने त्यांना बायबल दिलं. दोन वर्षं ते वाचत होते, विचार करत होते, पत्रव्यवहार करत होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते ख्रिस्ती झाले.

बायकोला त्यांनी विचारलं नव्हतं. हे इथे स्पष्ट सांगायला हवं. क्षमा, करुणा हे शब्द वापरताना आपण अनेकदा दुखावलेल्या माणसाचं दुखणंच पुसून टाकतो. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं. त्या काळात जातीबाहेर गेलेला नवरा म्हणजे जिवंतपणी तुटलेला नवरा. कुंकू लावायचं की नाही, त्याचं नाव काढायचं की नाही, लहानग्या दत्तूला काय सांगायचं, सगळेच प्रश्न. नातेवाइकांनी आधार दिला. पंढरपूरला बहिणीच्या घरी त्या बराच काळ राहिल्या. पण लोकांची तोंडं कोण धरणार? कुणी कीव करत होतं, कुणी टोमणे मारत होतं. नवरा बाटला, यात बायकोचीच काही चूक असणार, असं म्हणणारेही असणारच. असे लोक प्रत्येक काळात असतात.

आणि लक्ष्मीबाई? त्यांच्या मनातही नवऱ्याच्या नव्या धर्माबद्दल, त्या धर्मातल्या माणसांबद्दल किळस होती. ती नानांच्या घरातून आलेली होती. ज्या कारणासाठी लोक त्यांच्या संसारावर निकाल देत होते, त्याच कारणासाठी त्याही दुसऱ्यांवर निकाल देत होत्या.

दोन चुली, एक घर

चार-पाच वर्षं अशी ताटातुटीत गेली. पत्रं जात-येत होती. शेवटी लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडे परतल्या, पण आपल्या अटींवर. माझा धर्म मी सोडणार नाही, माझं सोवळं-ओवळं मी पाळणार. चूल वेगळी, पाणी वेगळं.

टिळकांनी ते मान्य केलं. थांबून विचार करा. हा माणूस एरवी कमालीचा रागीट. नव्या श्रद्धेने भारलेला. बायको शेजारी बसते पण त्याच्या हातचं पाणी पीत नाही, असा रोजचा अपमान. तरी बाप्तिस्मा घे म्हणून त्यांनी तिच्यामागे लकडा लावला नाही. ख्रिस्ती लोक ज्याला कृपा म्हणतात, ती हीच. समोरच्याने आधी लायक व्हावं आणि मग प्रेम मिळवावं, असा हिशेब तिथे नसतो. प्रेम आधी मिळतं. बदल झाला तर मागून होतो, नाही झाला तरी दिलेलं परत मागायचं नसतं.

बदल झाला. तो कुणाच्या उपदेशाने झाला नाही. राहुरीला असताना लक्ष्मीबाई आजूबाजूची माणसं बघत होत्या. ज्यांना लहानपणापासून दूर ठेवायला शिकवलं होतं ती माणसं रडत होती, हसत होती, पोरं वाढवत होती, अडीअडचणीला धावत होती. मग ही उच्चनीचता देवाने केली की माणसांनी? हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर मिळाल्यावर एक दिवस ठरवून टाकलं, की यापुढे कोणत्याही माणसाच्या हातचं अन्न-पाणी आपल्याला चालेल. सोवळं असं सुटलं. तेव्हा त्या अजून हिंदूच होत्या. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० मध्ये घेतला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणूस म्हणून माणसं जवळची झाली, धर्माचा निर्णय नंतर. धर्म बदलला की माणूस आपोआप दयाळू होतो, असं लक्ष्मीबाईंचं आयुष्य सांगत नाही. निकाल द्यायची सवय सुटायला आधी माणसांच्या जवळ जावं लागतं, एवढं मात्र ते नक्की सांगतं.

सगळ्यांना उघडं दार

त्यानंतरच्या लक्ष्मीबाई वेगळ्याच दिसतात. ते दुष्काळाचे आणि प्लेगचे दिवस होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळून निघाला. अनाथ पोरं रस्त्यावर आली. टिळकांच्या घरात अशी मुलं येत गेली. आणून ठेवायचे टिळक, आणि खाऊ-पिऊ घालणं, न्हाऊ घालणं, आजारपणं काढणं हे लक्ष्मीबाईंचं काम. विटाळाच्या भीतीत वाढलेली मुलगी आता कुणाकुणाची पोरं पोटाशी धरत होती. कोणत्या जातीचं, कोणाचं, आईबाप कसे होते, ही चौकशी मागे पडली.

नगरला प्लेग आला तेव्हा तर हद्दच झाली. प्लेग झालेल्या माणसाला घरचेही टाकून पळायचे. अशा वेळी मिशनच्या शाळेतल्या आजारी मुलींची शुश्रूषा करायला लक्ष्मीबाई स्वतःहून पुढे झाल्या. एकेकाळी स्पर्शाला घाबरणारी बाई ज्या स्पर्शाने खरंच मरण येऊ शकत होतं, तिथे जाऊन बसली.

याच घरात आणखी एक पोरगा राहून गेला. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हणून दाखवणारा त्र्यंबक बापूजी ठोंबरे. तुम्ही त्याला बालकवी म्हणून ओळखता. हळवा, हट्टी, जगाच्या व्यवहारात न बसणारा हा मुलगा नगरला टिळकांकडे राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. तो हिंदू, हे ख्रिस्ती. त्याने धर्म बदलावा, अशी अट या घराने घातली नाही. १९१८ च्या मे महिन्यात रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

टिळकही बदलत होते. १९१७ मध्ये साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. आत कोण, बाहेर कोण, ही रेघ त्यांनी पुसायला घेतली होती. पण काम उभं राहायच्या आतच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

क्षमा म्हणजे विसरणं नाही

टिळक 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट ठेवून गेले होते. सुरुवातीचे अध्याय त्यांचे. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं आणि ६४ अध्याय लिहिले. विचारून न घेतलेल्या ज्या निर्णयाने त्यांचा संसार एकदा उद्ध्वस्त झाला होता, त्याच श्रद्धेचं काव्य त्यांनी पुरं करत आणलं.

पण त्यांचं खरं मोठं काम म्हणजे 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून हे आत्मचरित्र चार भागांत आलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या, त्यामुळे शेवटचा भाग त्यांना पाहता आला नाही. पुढे विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी त्यावर चित्रपट केला आणि सुहास जोशींनी लक्ष्मीबाई साकारल्या.

या पुस्तकात टिळकांचा राग आहे, घर सोडून जाणं आहे, पैशांची उधळण आहे, बायकोचे झालेले हाल आहेत. काहीही झाकलेलं नाही. तरी पुस्तकभर हसू पसरलेलं आहे, आणि सगळ्यात जास्त हसू त्यांचं त्यांच्यावरच आहे. चुकीला चूक म्हणायचं, पण त्या चुकीला माणसाचं आडनाव करून टाकायचं नाही, हे त्यांना साधलं होतं.

दोस्तांनो, इथे एक शंका तुमच्या मनात येईल. मग कुणाला काही बोलायचंच नाही का? अन्याय दिसला तरी गप्प बसायचं? अजिबात नाही. लक्ष्मीबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्यांनी नवऱ्याला तोंडावर सुनावलं, अटी घातल्या, आपला निर्णय होईपर्यंत हटल्या नाहीत. कुणी त्रास देत असेल तर तक्रार कराच, आवाज उठवाच. वागणं चुकीचं आहे, हे सांगणं वेगळं. हा माणूसच तसला, हे जाहीर करणं वेगळं. पहिल्यात सुधारायला जागा राहते. दुसऱ्यात दार बंद होतं, आणि ते बंद करताना आपण स्वतः कधीतरी त्या दाराबाहेर असू, हे लक्षात राहत नाही.

येशूच्या गोष्टींतली एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. एका बाईला दगडांनी ठेचायला जमाव निघालेला असतो आणि ज्याच्या हातून कधीच पाप घडलेलं नाही त्याने सुरुवात करावी, असं सांगितल्यावर एकेक जण दगड टाकून निघून जातो. आजचे दगड खिशात मावतात आणि एका अंगठ्याने फेकता येतात, एवढाच फरक. ते खाली ठेवायला कोणताही धर्म बदलावा लागत नाही. लक्ष्मीबाईंनीही सोवळं सोडलं तेव्हा धर्म बदललेला नव्हता.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. कॉलेजच्या लायब्ररीत जा आणि 'स्मृतिचित्रे' मागा. पहिली वीस पानं वाचा, पुढची आपोआप वाचली जातील. आणि वर्गातलं जे कुणी सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे, जिच्याशेजारी किंवा ज्याच्याशेजारी कुणी बसत नाही, त्या बाकावर जाऊन बसा. काय झालं, असं लगेच विचारू नका. डबा उघडा आणि अर्धी पोळी पुढे करा.