प्रभातच्या दारातील उपोषण

१९३९ च्या जुलै महिन्यात पुण्यातील 'प्रभात' फिल्म कंपनीच्या दाराशी एक तरुण स्त्री अन्नत्याग करून बसली. ती कंपनीतील कोणी अनामिक नोकर नव्हती; 'प्रभात'च्या बोलपटांतून जिचे गाणे घरोघर पोहोचले होते, ती शांता आपटे होती. करारावरून कंपनीशी झालेला तंटा तिने अशा रीतीने चव्हाट्यावर आणला. नटीने गावे, हसावे, रडावे. हक्क मागू नये, या समजुतीला तो पहिला मोठा धक्का होता, असे आम्हांस वाटते.

शांताबाईंचा जन्म १९१६ साली सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे झाला. गाण्याचे शिक्षण पंढरपुरात झाले आणि १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मधून त्या पडद्यावर आल्या. दोनच वर्षांनी 'प्रभात'च्या 'अमृतमंथन'ने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. गायक नटाने एका जागी उभे राहून पद म्हणावे, ही संगीत नाटकाची रीत बोलपटानेही उचलली होती. शांताबाईंनी ती मोडली. संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे यांच्या तालमीत तयार झालेले त्यांचे गाणे डोळ्यांतून आणि हातांतूनही बोलू लागले.

या गुणांचा कळस १९३७ च्या 'कुंकू'त झाला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांतारामांनी तो काढला. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधली गेलेली नीरा त्या लग्नाला मनाने मान्यता देत नाही, आणि हा नकार ती अखेरपर्यंत सोडीत नाही. लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही तिच्या तोंडी आहे. नीरेच्या बंडाला सुशिक्षित प्रेक्षकांनी मनापासून दाद दिली. परंतु पडद्यावरील अन्यायाला टाळ्या वाजविणे सोपे असते. तीच स्त्री पडद्याबाहेर येऊन स्वतःच्या श्रमाचा हिशेब मागू लागली की आपला उत्साह ओसरतो, हे कबूल केले पाहिजे.

शांताबाई उपोषणावरच थांबल्या नाहीत. 'प्रभात' सोडल्यावर १९४० साली 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक त्यांनी लिहिले. चित्रपटाच्या मोहाने येणाऱ्यांना या धंद्यातील पैसा, श्रम आणि थकवा यांची जाणीव त्यांनी करून दिली. १९४१ च्या तमिळ 'सावित्री'साठी त्या तमिळ शिकल्या, त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या भूमिकेत होत्या. पुढे लाहोरला तयार झालेल्या 'जमीनदार'सह अनेक हिंदी चित्रपटांत त्यांनी कामे केली. परंतु पार्श्वगायनाचे युग आले, गाणारी एक आणि दिसणारी दुसरी झाली, आणि गायिका-अभिनेत्रीची जागा आकसत गेली. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्या निवर्तल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

'प्रभात'च्या त्याच आवारात १९६० पासून चित्रपटविद्येची सरकारी संस्था उभी आहे. तेथे शिकणाऱ्यांना 'कुंकू'तील नीरा दाखविली जावीच. परंतु त्या आवाराच्या दाराशी उपाशी बसलेली शांता आपटेही त्यांच्या ओळखीची असावी. कलावंताचे कौतुक आणि कलावंताचा मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एवढा धडा तिने आपल्या हयातीतच घालून दिला आहे.